झेंड्यातली जांभळी फुलं

त्या सव्वीस जानेवारीची सकाळ आठवली की नोकरी संपून वर्षं झाली तरी माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावाला विहिरीत ढकलणारा भाऊ पाहिला. पण त्यांच्यापैकी कुणाचाही मला एवढा राग आला नाही. चोराला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असतं. या प्रकरणातला माणूस 'भारतमाता की जय' म्हणत ठाण्याच्या दारात उभा होता, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गाव भीमेच्या काठाला, पूल ओलांडला की दौंड तालुका. ऊस, कांदा, अलीकडे थोडी फुलशेती. तरुण पोरं शिक्रापूरकडच्या कंपन्यांत शिफ्टला जातात आणि सुट्टीच्या दिवशी पारावर बसून राजकारण करतात. तक्रारी यायच्या त्या बांधाच्या, मोटार चोरीच्या आणि दारू पिऊन केलेल्या भांडणांच्या.

ठाण्यातलं ध्वजवंदन उरकलं होतं. महापुरुषांच्या तसबिरींना हार घातले होते, जिलेबी वाटणं चाललं होतं. तेवढ्यात ठाणे अंमलदार फोन ठेवून माझ्याकडे आला.

"साहेब, त्या गावात सरपंचबाईंनी झेंडा उलटा फडकवला म्हणे. लोक चिडलेत."

"फोन कुणाचा होता?"

"नाव नाही सांगितलं. एक जागरूक नागरिक, म्हणाला."

माझा अनुभव असा की खरा जागरूक नागरिक नाव सांगतो आणि मग आठ दिवस पस्तावतो. नाव न सांगणारा बहुतेक वेळा स्वतःच्या कामासाठी जागा झालेला असतो. तरीही खबर ती खबर. स्टेशन डायरीला नोंद करून मी जीप काढली.

गावात शिरताना रस्त्याच्या कडेला जांभळ्या फुलांचा एक पट्टा दिसला. सगळीकडे ऊस आणि मध्येच हा रंग, म्हणून नजर गेली. त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

ग्रामपंचायतीसमोर शंभरेक माणसं जमली होती. शाळेची मुलं मास्तरांनी घाईने परत नेली होती. झेंडा खाली उतरवून ओट्यावर ठेवलेला, आणि भिंतीपाशी सरपंचबाई उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. त्यांच्याभोवती पोरं मोबाइल रोखून उभी होती. एकजण ओरडत होता, "माफी मागा, कॅमेऱ्यात बघून माफी मागा!" मी आधी त्या पोरांना मागे सारलं. पंचांसमक्ष झेंडा ताब्यात घेतला, ओट्यावर तुडवली गेलेली फुलंही कागदात गोळा करून घेतली. पंचनाम्यात जे असतं ते सगळं घ्यायचं, उपयोग नंतर बघायचा, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. मग बाईंना जीपमध्ये बसवलं. अटक म्हणून नव्हे, तिथे त्या सुरक्षित नव्हत्या म्हणून. पण गर्दीला ती अटकच वाटली आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या.

या बाई कोण, ते सांगायला हवं. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बारावी पास. त्यांचं घर पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं, दोन पिढ्यांपासून जमीन घेऊन स्थिर झालेलं. नवरा शिक्रापूरला एका कंपनीत. गावाचं सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं, तेव्हा गावातल्या मोठ्या घराने आपल्या सुनेला उभं केलं आणि निकाल लागायच्या आधीच गुलाल आणून ठेवला. गावाने मतं या बाईंना दिली.

त्या मोठ्या घराबद्दलही सांगतो. ग्रामपंचायतीच्या झेंड्याच्या खांबाला लागून एक दगड आहे. त्यावर त्या घरातल्या आजोबांचं नाव कोरलेलं आहे. इंग्रजांच्या राज्यात त्यांनी गावच्या चावडीवर तिरंगा लावला आणि त्यासाठी तुरुंगात गेले. खरा, मोठा माणूस. स्वातंत्र्यानंतर गावाने त्यांना मान दिला, सरपंच केलं. पुढे त्यांचे चिरंजीव सरपंच झाले, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. वर्षानुवर्षं झेंडा आप्पांच्याच हातून चढायचा. आप्पांचा मुलगा आता उपसरपंच होता, आणि जी सून निवडणुकीत पडली ती त्याची बायको.

आठवड्यापूर्वी मासिक सभेत या उपसरपंचाने सुचवलं होतं की सरपंचांनी नारळ वाढवावा, झेंडा मात्र आप्पांच्या हातानं चढवावा, परंपरा आहे. बाई म्हणाल्या होत्या, "आप्पांचा मान मोठाच हाय. पन झेंडा सरपंचानं चढवायचा असतो, तो मीच चढवनार." सभा पुढच्या विषयाकडे वळली. ते सगळं आता, सव्वीस जानेवारीला, बाहेर आलं होतं.

आम्ही ठाण्यात पोचतो न पोचतो तोच मागोमाग जमाव आला. पुढे उपसरपंच, पांढरा कुडता, छातीवर कागदी तिरंगा. त्याच्यामागे दोन पोरांनी धरलेला भलामोठा फ्लेक्स : 'राष्ट्रध्वजाचा अवमान करणाऱ्या देशद्रोही सरपंचाला अटक करा.' खाली हात जोडलेला उपसरपंचाचा फोटो, झेंड्याच्या चित्रापेक्षा मोठा. मी तो फ्लेक्स दोनदा वाचला. घटना घडून धड दोन-अडीच तास झाले नव्हते, आणि सव्वीस जानेवारीला सकाळी कुठला फ्लेक्सवाला दुकान उघडून बसतो? मी एका हवालदाराला साध्या कपड्यांत शिक्रापूरला पाठवलं, तिथल्या फ्लेक्सच्या दुकानांत चौकशी करायला.

उपसरपंचाने लेखी फिर्याद टेबलावर ठेवली. "साहेब, आमच्या आज्यानं ह्या झेंड्यापायी जेल भोगली. आन् ह्या बाईनं हिरवा वर करून फडकवला. आम्ही गप बसायचं का?"

त्याचा कावा मला तेव्हाच दिसत होता, फक्त पुरावा नव्हता. गुन्हा दखलपात्र. बाईंवर दाखल झाला की उद्या अपात्रतेचा अर्ज, परवा अविश्वास ठराव, आणि सरपंचपदाचा कारभार आपसूक उपसरपंचाकडे. शिवाय बाईला दिवस मावळल्यावर अटक करता येत नाही, म्हणून जमावाला घाई होती. वरूनही फोन सुरू झाले. तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "देशाचा प्रश्न आहे, वेळ लावू नका." या गृहस्थांच्या वाळूच्या गाड्या मी पकडल्या होत्या तेव्हा त्यांना देश आठवला नव्हता.

मी बाईंना माझ्या खोलीत बसवलं, महिला हवालदार सोबत. पाणी दिलं. त्या रडत नव्हत्या.

"साहेब, काल सांजच्याला मी स्वतः घडी घातली. केशरी कुठं येतंय ते दोनदा बघितलं. पंचायतीचे शिपाईमामा समोर व्हते. घडी टेबलावर ठेवली, मामांनी कुलूप लावलं. आन् सकाळी हे असं. लेकरू शाळेच्या रांगेत उभं व्हतं माझं. त्याच्या देखत मला देशद्रोही म्हणले."

माणूस घाबरलेला असला की त्याला ज्याचं उत्तर सोपं आहे असा प्रश्न विचारावा, ही माझी जुनी सवय. मी विचारलं, "ताई, घडीत फुलं कुठली घातली होती?"

"शेवंतीची. आमच्या बांधावरची, पिवळी."

त्यांच्या अंबाड्यात एक पाकळी अडकलेली होती. ती जांभळी होती.

मी पंचनाम्यात घेतलेला कागद उघडला. सगळ्या पाकळ्या जांभळ्या, शेवंतीचं नाव नाही. मग गावभर फिरत असलेला तो व्हिडिओ मागवला. त्यात बाई दोरी ओढतात, झेंडा उलगडतो, हिरवा वर, आणि त्यांच्या डोक्यावर जांभळ्या पाकळ्या पडतात. हजारो लोकांनी तो पाहिला होता आणि सगळ्यांनी रंग पाहिला होता तो झेंड्याचा. म्हणजे बाईंनी बांधलेली घडी कुणीतरी सोडली होती, झेंडा फिरवून पुन्हा बांधला होता, आणि बांधताना पुन्हा फुलं घातली होती. ज्या माणसाला झेंड्याची विटंबना करायची होती, त्याने फुलं कशाला घातली, एवढंच मला उमगेना.

शिपाईमामांना बोलावलं. निवृत्तीला टेकलेला माणूस, बाहेरच्या घोषणांनी गळाठला होता. "मी न्हाई सोडली घडी, साहेब. बांधलेली व्हती तशीच दोरीला लावून वर चढवली."

"काल संध्याकाळनंतर चावी कुणाला दिलीत?"

मामांनी आधी दाराबाहेरच्या जमावाकडे पाहिलं. मी म्हटलं, "मामा, त्या बाईंना तुरुंगात घालायचंय का?"

"उपसरपंचांनी मागितली व्हती. सत्काराचे हार आत ठिवायचेत म्हणले. अर्ध्या तासानं परत दिली."

"आणि गावात शिरताना रस्त्याला जांभळी फुलं लागतात, ती कसली?"

"अष्टर. त्यांचाच प्लाट हाय. दुसऱ्या कुणाची न्हाई गावात."

एवढ्यावर मी उपसरपंचाला आत घेऊ शकलो असतो. पण चावी हारांसाठी घेतली, फुलं कुणीही तोडली असतील, असं त्याच्या वकिलाने दोन मिनिटांत सांगितलं असतं. मला त्याच्या हातांची साक्ष हवी होती.

मी उपसरपंचाला मानाने आत बोलावलं. चहा मागवला. "फिर्यादी म्हणून तुमचा सविस्तर जबाब घ्यायचाय. कोर्टात पहिला प्रश्न येईल तो झेंड्याची घडी कशी घालतात हा. आमच्या पोरांना कुणाला नीट येत नाही. तुमचं घर यातलं जाणकार."

गडी खुलला. "व्हय, आमच्याकडं आज्यापासून हाय ते. मला आज्यानं मांडीवर बसवून शिकवलंय."

मी त्याच्यासमोर ठाण्यातला टॉवेल ठेवला. "दाखवा बरं."

त्याने टॉवेल हातात घेतला आणि त्याचा चेहराच बदलला. हे मला कबूल केलं पाहिजे. पाटावर पूजा मांडावी तशा निगुतीने त्याने टॉवेल टेबलावर पसरला, काठाला काठ लावला, सुरकुती हाताने काढली. अर्धी घडी झाली आणि तो थांबला. इकडेतिकडे पाहिलं. सकाळच्या समारंभातला एक उरलेला हार माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर होता. त्याने त्यातलं एक फूल तोडलं, पाकळ्या मोकळ्या केल्या, टॉवेलात घातल्या आणि सुरगाठ मारली. ओढून दाखवली. पाकळ्या माझ्या टेबलावर पडल्या.

"सुरेख," मी म्हणालो. "पण फुलं कशाला घातलीत? मी मागितली नव्हती."

"झेंडा रिकामा बांधत न्हाईत, साहेब. आज्याचा दंडक व्हता. हात पुढं जातच न्हाई फुलांबिगर."

"उलटा बांधायचा असला तरी?"

मी जांभळ्या पाकळ्यांचा कागद त्याच्यासमोर उघडला. "बाईंनी शेवंती घातली होती. ती तुम्ही काढून टाकलीत. झेंडा उलटा केलात, तेव्हा हात थांबला नाही. पण रिकामा बांधायला हात धजावेना. मग आपल्या प्लॉटमधली अष्टर आणलीत."

बाहेर घोषणा चालू होत्या. त्याच वेळी शिक्रापूरहून हवालदाराचा फोन आला. दुकानात काम करणाऱ्या परप्रांतीय पोराशी त्याने माझं बोलणंच करून दिलं. "साब, ये तो कल दोपहर को छापा. बोला सुबह जल्दी लगेगा, कल तुम्हारी छुट्टी रहेगी." मी फोनचा स्पीकर लावला होता. झेंडा उलटा फडकण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या निषेधाचा फ्लेक्स छापून तयार होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

उपसरपंच पाकळ्यांच्या कागदाकडे बघून म्हणाला, "मला वाटलं, फुलं कोण बघतंय."

"का केलंत?"

"तो आमच्या घरचा झेंडा हाय, साहेब." हे मात्र तो मान वर करून म्हणाला. "आमच्या आज्यानं आणला गावात. तिच्या घरची मानसं तवा मेंढरामागं फिरत व्हती. तिनं दोरी ओढायची आन् माझ्या बापानं खाली उभं ऱ्हायचं?"

मी खुर्चीवरून उठलो. आरोपीवर हात उचलायचा नाही हा माझा नियम, आणि त्या दिवशी तो पाळणं मला जड गेलं. मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि जमावाला सांगितलं, "अटक करा म्हणत होतात ना? केली. झेंडा उलटा बांधणारा आत बसलाय. तुमचा फिर्यादी तोच तुमचा आरोपी. चालू द्या घोषणा."

एकही घोषणा झाली नाही. फ्लेक्स धरणाऱ्या पोरांनी तो गुंडाळायला घेतला, तर मी मुद्देमालात जमा करून घेतला. पाच मिनिटांत आवार मोकळं झालं. सकाळपासून देशासाठी जीव द्यायला निघालेल्यांपैकी एकालाही पंच म्हणून सही करायला वेळ नव्हता. त्या बाईंना कुणी 'चुकलं' म्हणालं असेल, तर ते मला ऐकू आलं नाही.

फोन पुन्हा सुरू झाले, सूर तेवढा बदलला. सकाळचेच गृहस्थ म्हणाले, "पोरकटपणा झाला त्याच्या हातून, प्रतिष्ठित घर आहे, मिटवून टाका." बाईंनी केलं असतं तर तो देशद्रोह, यांच्या माणसाने केलं तर पोरकटपणा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी म्हणालो, "देशाचा प्रश्न आहे, साहेब," आणि फोन ठेवला.

दुपार कलल्यावर आप्पा आले. स्वच्छ धोतर, टोपी, हातात काठी. मी उभा राहिलो, खुर्ची दिली. ते काठी मांडीवर आडवी ठेवून बसले. मग म्हणाले, "पोराचं चुकलं. पन साहेब, माझ्या वडलांचं नाव हाय त्या दगडावर. त्या नावाकडं बघून काय तरी करा."

"आप्पा, तुमच्या वडलांनी झेंडा लावला तो कुणाच्या विरुद्ध?"

"गोऱ्या सरकारच्या."

"आणि त्यांना धरून कुणी नेलं? गोरा साहेब तर काही इथवर आला नसेल."

आप्पांनी माझ्या खांद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. "पोलिसांनी."

"याच हद्दीतल्या पोलिसांनी. माझ्यासारख्याच कुणीतरी. गुन्हा काय, तर साध्या माणसाने झेंड्याच्या दोरीला हात लावला. आज तुमचा मुलगा मला काय करायला सांगत होता? साध्या बाईने दोरीला हात लावला म्हणून तिला धरा. मग तुमच्या वडलांनी तुरुंग कशासाठी भोगला?"

ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "जबाब घ्यायचा आसंल तर माझाबी घ्या. सांजच्याला त्यानं अष्टर तोडताना म्या बघितलंय." त्यांनी सही केली आणि निघून गेले. या एका गोष्टीसाठी मी त्या म्हाताऱ्याला मानतो.

पुढे मुलगा जामिनावर सुटला. त्या खटल्याच्या तारखा मी निवृत्त झाल्यावरही पडत होत्या. माझी बदली दौंडला झाली. बदली नेहमीची होती असं मला सांगण्यात आलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर मी फार मोठं काही सांगू शकणार नाही, पोलिसाचं डोकं तेवढंच चालतं. माणसं माणसासारखी आहेत, राजा कुणाच्या पोटी जन्मत नाही, ही कल्पना एकेकाळी इतकी भयंकर होती की ती बोलणाऱ्याला बेड्या घालाव्या लागत. त्या कल्पनेच्या जोरावर केवढं मोठं साम्राज्य गेलं, चावडीची ग्रामपंचायत झाली, आणि मेंढरामागे चालणाऱ्या घरातली सून सरपंचाच्या खुर्चीवर बसली. ही क्रांती कायद्याच्या पुस्तकात पुरी झाली. पण काही घरांनी ती वडिलार्जित जमिनीसारखी सातबाऱ्यावर चढवून घेतली, आणि आता त्यात दुसऱ्याने पाय ठेवला की ती देशाच्या नावाने ओरडतात. देशाच्या नावाने जितका मोठा आवाज, तितके हात तपासून बघायचे, एवढी खूणगाठ मात्र मी तेव्हापासून बांधली.

त्या दिवसाचा शेवट सांगायचा राहिला. बाईंचा जबाब पुरा झाला, मी म्हटलं, ताई, गाडी सोडायला येईल. त्या उठल्या नाहीत.

"साहेब, आमचा झेंडा कवा मिळंल?"

"तो आता मुद्देमाल. कोर्टात जमा होईल."

"म्हंजी आज सव्वीस जानेवारी आन् गावाचा खांब रिकामाच ऱ्हानार?" त्यांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. "दिवस हाय अजून."

शाळेतून झेंडा आणला. मी स्वतः बंदोबस्ताला गेलो. गावात बातमी पोचली होती. सकाळची माणसं घराघरांच्या दारांत उभी होती, पुढे कुणी येत नव्हतं. आप्पा तेवढे दगडाजवळ येऊन उभे राहिले, काठीवर भार देऊन. बाईंचा मुलगा आईच्या पदराशी होता. शिपाईमामांनी ओंजळीत शेवंतीची फुलं आणली आणि घडी घालायला झेंडा पसरला.

"राहू द्या, मामा," बाई म्हणाल्या. "घडी नको, फुलंबी नकोत. उघडाच चढवते. कुठला रंग वर हाय ते समद्यांना खालपासनं दिसू द्या."

त्यांनी दोरी ओढली आणि केशरी रंग वर ठेवून झेंडा उघडाच चढत गेला. मी सलामी दिली. दारांत उभी असलेली माणसं एकेक करून पुढे येऊ लागली.